एका माइकला सात

शाळेतून निवृत्त होताना सगळं परत द्यावं लागतं. कपाटाच्या किल्ल्या, हजेरीपट, नकाशे, लाकडी पट्टीसुद्धा. किस्से तेवढे कुणी परत मागत नाही. मग ते आपल्याबरोबर घरी येतात आणि वाढत बसतात. आता आम्ही तिघी-चौघी मैत्रिणी संध्याकाळी तापीच्या राजघाटाकडे फिरायला जातो. त्यात चालणं थोडं, 'तुला आठवतं का' जास्त. परवा एकीच्या नातवानं दोन्ही कानांत बिनवायरचं काहीतरी घातलेलं दिसलं आणि मला माझी आठ मुलं आठवली. दोन दिवस झाले, एक सांगून संपवलं की दुसरं आठवतंय.

तेव्हा बुऱ्हाणपुरातल्या आमच्या मराठी शाळेत 'समेकित शिक्षा' नावाची योजना आली होती. ज्यांना कमी ऐकू येतं त्या मुलांना दूरच्या वेगळ्या शाळेत पाठवायचं नाही, सगळ्यांबरोबर नेहमीच्याच वर्गात बसवायचं. कल्पना चांगली होती. माझ्या वर्गात अशी आठ मुलं आली. आठही जणांच्या कानाला मशीन होतं. पण त्या मशीनला माझा आवाज, बाकड्यांची खरखर आणि मागच्या पोरांची भांडणं सगळं सारखंच. शिकवलेलं त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हतं.

मग एका संस्थेनं आम्हाला एक पेटी दिली. तिच्यात बाईंच्या गळ्यात अडकवायचा एक छोटा माइक आणि मुलांच्या गळ्यात अडकवायच्या दहा डब्या. मी माइकमध्ये बोलायचं, माझा आवाज हवेतून डबीत आणि डबीतून थेट कानाच्या मशीनमध्ये. मधे वायर नाही, गलका नाही. संस्थेच्या लोकांनी फोटो काढले, चहा घेतला आणि ते गेले.

पहिल्या दिवशी सात मुलांचे चेहरे उजळले. आठवी मुलगी, गायत्री, डबी हातात घेऊन माझ्याकडे बघत राहिली. डबी बदलून पाहिली, तरी तेच.

आमचे हेडमास्तर महाजन सर. त्यांनी पेटीतला इंग्रजी कागद चष्मा काढून वाचला, चष्मा घालून वाचला. एका माइकला एका वेळी सात डब्या, असं त्यावर स्पष्ट लिहिलं होतं. बाकीच्या तीन डब्या जास्तीच्या, एखादी बिघडली तर.

सरांनी कागदाची घडी केली आणि मला विचारलं, "ह्या आठव्या मुलीच्या वडिलांची बदली वगैरे होण्यासारखी आहे का?"

मी म्हटलं, "सर, ते तुकईथडला केळी लावतात."

"मग नाही व्हायची," सर म्हणाले आणि कागद ड्रॉवरमध्ये ठेवला.

* * *

माइकचा आवाज किती लांब जातो हे कागदावर मीटरमध्ये लिहिलं होतं. महाजन सरांचा छापील आकड्यांवर विश्वास नव्हता. सरकारी कागदांत आयुष्य गेलेला माणूस. ते म्हणाले, आपण मोजून बघू.

शनिवारी शाळा सुटल्यावर सर माइक घालून व्हरांड्यात उभे राहिले. गायत्रीच्या गळ्यात डबी. तिनं सरांकडे पाठ करून मैदानात चालत जायचं, सरांनी बोलत राहायचं, आणि आवाज बंद झाला की तिनं हात वर करायचा. मी टेप घेऊन उभी.

आता महाजन सर म्हणजे पंधरा ऑगस्टला उन्हात तासभर बोलणारा माणूस. पण समोर कुणी ऐकणारं दिसत नाही आणि बोलत राहायचंय म्हटल्यावर त्यांना एक वाक्य सुचेना. 'हॅलो' झालं, 'एक दोन तीन' झालं, प्रार्थना झाली. मग त्यांनी पाढे धरले. बेचा, तिनाचा. गायत्री नळापाशी पोचली, पुढे गेली. सर सातावर आले. ती कडुलिंबाच्या पुढे गेली. सर तेरावर अडखळले, पण थांबले नाहीत. ती फाटकापाशी पोचली, तेव्हा पुढे रस्ताच होता, म्हणून तिनं हात वर केला.

सर खूश झाले. मी टेप लावला. कागदावरच्या आकड्याच्या चौपट अंतर निघालं. सरांनी रजिस्टरमध्ये तशी नोंद केली आणि खाली सही केली.

सोमवारी मी गायत्रीला सहज विचारलं, फाटकापर्यंत सगळं नीट ऐकू येत होतं ना? ती थोडं तोंडानं, थोडं हातानं बोलायची. ती म्हणाली, नळापाशीच बंद झालं होतं.

"मग हात का नाही वर केलास?"

"वळून बघितलं तर सर बोलत होते," ती म्हणाली. "मधेच कसं थांबवायचं?"

रजिस्टरातली नोंद अजून तशीच असेल.

* * *

सातच का, हे आम्हाला सांगितलं चौधरी काकांनी. हे नेपानगरच्या कागद कारखान्यात यंत्रांची मापं आणि काटे सांभाळायचे. निवृत्त झाल्यावर दर गुरुवारी बुऱ्हाणपूरला यायचे आणि एका ओळखीच्या दुकानात बसून रेडिओ-टेप दुरुस्त करायचे. माणूस सावकाश. स्क्रू काढला की तो ताटलीत ठेवणार, ताटली झाकणार, मग पुढचा स्क्रू.

त्यांनी माइक उघडला, बघितला, परत बंद केला. म्हणाले, बिघाड काही नाही, ह्याची रचनाच अशी आहे. ह्या लहरींच्या जोडणीत मधलं एक यंत्र मुख्य असतं, बाकीची त्याच्याभोवती. मुख्य यंत्र प्रत्येकाला पाळीपाळीनं हाक मारतं, इतकं भराभर की आपल्याला वाटतं सगळ्यांशी एकदमच बोलतंय. पण हाक मारायला त्याच्याकडे क्रमांक सातच.

"त्या मुख्य यंत्राला इंग्रजीत मास्टरच म्हणतात," ते म्हणाले.

महाजन सर जरा पुढे सरकले. आठव्याचं काय होतं, असं त्यांनी विचारलं. काकांनी सांगितलं की आठव्याचं नाव यंत्राला माहीत राहतं, तो बाहेरचा होत नाही. फक्त त्याला सांगितलं जातं, तू जरा थांब. गाडी उभी करून ठेवतात तसं. त्याला 'पार्क करणं' म्हणतात. असे पार्क केलेले पुष्कळ असू शकतात, बोलणारे-ऐकणारे सात.

"म्हणजे मशीनसुद्धा सातच पोरांना चांगलं समजतं," सर म्हणाले.

"नाही सर," काका स्क्रू पिळत म्हणाले, "पोरं सगळी चांगली आहेत. मास्टरच तेवढ्यापुरता आहे."

सर वर्गांची फेरी मारायला उठून गेले.

* * *

मग आम्ही पाळ्या लावल्या. आठ मुलं, रोज एकानं डबीशिवाय बसायचं. भिंतीवर तक्ता टांगला. दोन दिवसांत मुलांनी त्या दिवसाचं नावही ठेवलं. सकाळी प्रार्थनेच्या रांगेतच कुणीतरी येऊन सांगायचं, "बाई, आज माझी पार्किंग."

पार्किंगवाला पहिल्या बाकावर, माझ्या तोंडासमोर बसायचा आणि माझ्या ओठांकडे बघत राहायचा. मी फळ्याकडे वळून बोलले की तो बाक वाजवायचा. फळ्याला तोंड देऊन शिकवायची माझी इतक्या वर्षांची सवय त्या बाकानं महिनाभरात मोडली. ट्रेनिंगला जाऊनसुद्धा मोडली नव्हती.

गायत्री शहरात मावशीकडे राहायची. तिचे वडील केळीच्या गाडीबरोबर मंडीत यायचे तेव्हा शाळेत डोकावून जायचे. एकदा ते आले तो नेमका तिच्या पार्किंगचा दिवस. बाकी सातांच्या गळ्यात डबी आणि आपली पोरगी मोकळ्या गळ्यानं बसलेली. त्यांचा चेहरा पडला. वर्ग संपेपर्यंत दाराशी उभे राहिले, मग मला बाजूला बोलावलं. आवाज चढवला नाही, पण रागावले होते. मी तक्ता दाखवला, एका माइकला सात कसे ते समजावलं. महाजन सरांना दोन दिवस लागले होते, ह्यांना दोन मिनिटं लागली नाहीत.

"म्हंजे ही पाण्याची बारी झाली बाई," ते म्हणाले. "आमच्या हिरीवर भावाभावांत बारी हाय. आज माही नाही त मी बांधावर बसतो."

मला हायसं वाटलं. पण ते तक्त्यापासून हलले नाहीत. बोटानं रकाने मोजत राहिले. मग त्यांनी विचारलं की हिच्या पार्किंगच्या दिवशी शाळेला सुट्टी आली तर काय करता? मी म्हटलं, पार्किंग दुसऱ्या दिवशी सरकते.

त्यांनी मान हलवली. "आमच्या बारीच्या रोजी लाइट गेली त बारी बुडते. मागून कोनी देत नाही. मंग हिची पार्किंगबी बुडू द्या ना."

मी खूप विचार केला. त्यांच्या म्हणण्यात चूक सापडेना. त्या दिवसापासून सुट्टीत आलेली पार्किंग बुडाली असं धरायचं ठरलं, आणि वर्गातली आठही मुलं कॅलेंडरमध्ये सणवार शोधायला लागली.

* * *

पी.टी.चे बोरसे सर तेव्हा लग्नाचे होते. रावेरची एक मुलगी बघून आले होते, पसंत होती. तिकडून होकार यायचा होता. सर दिवसभर मोबाइल हातात घेऊन हिंडायचे. त्यात त्यांनी कानाला अडकवायचं एक बिनवायरचं यंत्र आणलं. तेव्हा ते कानात घालून नुसतं उभं राहणंही रुबाबाचं होतं.

एका सकाळी मैदानावर कवायतीच्या आधी सरांनी ते मोबाइलला जोडायला घेतलं. मोबाइलवर एक इंग्रजी नाव आलं. सरांनी बघितलं न बघितलं, 'हो' दाबलं. ते नाव त्यांच्या यंत्राचं नव्हतंच. दुसऱ्या रांगेत उभ्या असलेल्या योगेशच्या गळ्यातल्या डबीचं होतं. आदल्याच दिवशी चौधरी काकांनी ती डबी साफ करून जुन्या सगळ्या जोडण्या पुसून दिल्या होत्या, त्यामुळे ती नव्या ओळखीची वाट बघत होती. आणि माझा माइक तेव्हा कपाटात.

कवायत सुरू झाली आणि फोन वाजला. रावेरहून मुलीचे वडील. सरांनी मोबाइलचं बटण दाबलं आणि ताठ उभं राहून म्हणाले, "नमस्कार. बोला." कानात काही नाही. सर 'हॅलो, हॅलो' करत रांगेसमोरच येरझाऱ्या घालायला लागले. इकडे योगेशनं हात खाली घेतले आणि तो गळ्यातली डबी धरून स्तब्ध उभा राहिला. सगळी रांग 'दो, तीन, चार' करतेय आणि हा एकटा कुणाचं तरी बोलणं ऐकतोय.

आपल्याकडे जुनी माणसं फोनवर समोरच्याच्या उत्तरासाठी थांबत नाहीत. आलेलं काम सांगून मोकळी होतात. मुलीच्या वडिलांनीही तेच केलं. फोन बंद झाला. बोरसे सरांचा चेहरा उतरला. परत फोन लावावा तर नंबर लागेना. बोलणंच झालं नाही, आता ते लोक काय समजतील, असं मला सांगत ते व्हरांड्यात बसले.

योगेश येऊन त्यांच्यासमोर उभा राहिला. त्याचे उच्चार सगळ्यांना कळत नसत, म्हणून तो सावकाश बोलला. म्हणाला, पाहुणे रविवारी येणार आहेत. सकाळच्या गाडीनं. पाच जण. मुलगी हो म्हणाली.

सरांना आधी वाटलं पोरगं थट्टा करतंय. मग त्यांनी त्याच्या गळ्यातली डबी बघितली, हातातला मोबाइल बघितला. त्यांनी योगेशचे दोन्ही खांदे धरले.

"तू नीट ऐकलंस ना?"

माझ्या नोकरीत योगेशला हा प्रश्न इतक्या विश्वासानं कुणी विचारलेला मी पाहिला नव्हता. रविवारी सकाळच्या गाडीनं पाच पाहुणे आले.

* * *

वार्षिक परीक्षेत श्रुतलेखन असायचं. बाईंनी वाक्य सांगायचं, मुलांनी लिहायचं. ह्या आठांना ते नको, असं शाळेत काहींचं मत होतं. पण मुलांनाच ते हवं होतं, कारण बाकीच्या वर्गाला होतं.

परीक्षक म्हणून दुसऱ्या शाळेतल्या एक बाई आल्या होत्या. करारी चेहऱ्याच्या, कमी बोलणाऱ्या. मी त्यांना माइक, सात, पार्किंग सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. त्या दिवशी पार्किंग गायत्रीची होती, आणि मान खाली घालून लिहिताना ओठ दिसत नाहीत. मी तिच्या जागी दुसऱ्या कुणाला तरी बसवणार होते, पण कुणाला बसवू? कुणाकडेही बघितलं तरी मन होत नव्हतं. शेवटी तक्त्यात आहे ते आहे, असं म्हणून मी गळ्यात माइक अडकवला. घरून निघाल्यापासून मला त्याचंच वाईट वाटत होतं.

आठ वाक्यं होती. मी प्रत्येक तीनदा सांगितलं, सावकाश. मुलं खाली मान घालून लिहीत होती. मधून मधून कुणी डबीशी चाळा करत होतं, एवढंच माझ्या लक्षात आलं.

पेपर गोळा झाले. परीक्षक बाईंनी आठ पेपर टेबलावर ओळीनं मांडले आणि मला बोलावलं. पहिल्या पेपरात पहिलं वाक्य कोरं. दुसऱ्यात दुसरं कोरं. तिसऱ्यात तिसरं. असं करत आठव्यात आठवं. कोऱ्या जागांचा जिनाच झाला होता. बाकी सगळं लिहिलेलं. गायत्रीचं पहिलं कोरं होतं, पुढची सात होती.

"कॉपी केली असती तर चुका सारख्या आल्या असत्या," बाई म्हणाल्या. "हे काय आहे?"

मी योगेशला विचारलं. तो घाबरला होता, पण त्यानं सांगितलं. आदल्या दिवशी आठांनी मिळून ठरवलं होतं. गायत्रीनंही पेटीतली एक जास्तीची डबी घालायची. एका वाक्यानंतर एकानं डबी बंद करायची, म्हणजे थांबलेल्याची चालू होते. मग पुढच्या वाक्याला दुसऱ्यानं. एकाची पूर्ण परीक्षा जाण्यापेक्षा प्रत्येकाचं एक वाक्य गेलेलं बरं.

परीक्षक बाईंनी आठही पेपर उचलले. मला वाटलं, आता रद्द करतात. मग त्यांनी खुर्ची खिडकीपाशी, उजेडात ओढली आणि एकेकाला जवळ बोलावलं. ज्याचं जे वाक्य राहिलं होतं ते त्याच्यासमोर, चेहऱ्याजवळ चेहरा आणून, स्वतः सांगितलं. मुलं त्यांच्या ओठांकडे बघून लिहीत गेली. आठ मुलं, आठ वाक्यं.

झाल्यावर त्यांनी पेपरांचा गठ्ठा बांधला, पर्स उचलली आणि दारात मला म्हणाल्या,

"अक्षर मात्र आठही जणांचं वाईट आहे. त्याच्याकडे बघा."

* * *

उन्हाळ्याच्या सुट्टीत पेटी कपाटात पडून राहिली तर बॅटऱ्या खराब होतील, असं चौधरी काकांनी बजावलं होतं. कुणीतरी घरी नेऊन अधूनमधून चार्ज करायला हवी. महाजन सरांनी गायत्रीचे वडील निवडले. म्हणाले, बारी सांभाळणारा माणूस आहे, वस्तू जपेल. पेटी तुकईथडला गेली.

जुलैत शाळा उघडली तेव्हा गायत्रीनं पेटी धुतलेल्या पंच्यात गुंडाळून परत आणली. सगळ्या डब्या जागच्या जागी. मी तिला विचारलं, सुट्टीत वापरलीस का? घरात तर एकच डबी लागणार, सातचा प्रश्नच नाही.

तिनं सांगितलं ते असं. पहिल्या दिवशी बाबा माइकमध्ये बोलले. मग घरातले काका बोलले, शेजारचे बोलले, गावातले बरेच जण येऊन बोलून गेले. सगळे जण एकच विचारायचे, ऐकू येतं का? आई मात्र बोलायला तयार होईना. मला काय बोलायचं असतं, म्हणायची. लहानपणापासून पोरीला ऐकू येत नाही हेच घरात धरलेलं, त्यामुळे आईचं तिच्याशी सगळं हातानं चालायचं. जेव, ये, झोप, अंघोळीला जा. त्यापुढे हात जात नव्हते.

मग एका संध्याकाळी बाबांनी हसत हसत माइक आईच्या गळ्यात घातला. तिचे दोन्ही हात भरलेले, एका हातात चाऱ्याचं टोपलं, दुसऱ्यात बादली. काढायला हात मोकळा नाही, तशीच ती गोठ्यात गेली आणि माइक विसरून गेली. गायत्री अंगणात बाजेवर होती.

"आई म्हशीला सगळं सांगते," गायत्री म्हणाली.

काय सांगते, असं मी विचारलं. तिनं आठवून आठवून सांगितलं. गुडघा दुखतो ते. भावाकडे जायचं राहिलं ते. पोरगी शहरात राहून वाळलीय, बहीण तिला नीट जेवायला घालते की नाही कोण जाणे. पोरीच्या केसांत हल्ली तेल कोण घालत असेल. लहान होती तेव्हा ती ताप येऊन पडली होती, त्या दिवसांत आपण काय काय नवस बोललो होतो, ते सगळं.

मी विचारलं, "मग तू आईला सांगितलंस, तुला ऐकू आलं म्हणून?"

तिनं नाही म्हणून मान हलवली. माइक आईनं पुन्हा गळ्यात घातला नाही, असंही सांगितलं.

"मग काय केलंस?"

"रोज धारेच्या वेळी," गायत्री म्हणाली, "म्हशीजवळ जाऊन बसत होते."